आगाऊ शोकसभा

मंगल,

परवा कॉलेजच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. तिथे कुणीही धड खरं बोललं नाही आणि त्यात मीही आलो. तू पहिल्या रांगेत असतीस तर पदर तोंडावर धरून हसली असतीस. पण तू स्टेजवर होतीस, मोगऱ्याच्या हारातल्या फोटोत. फोटोही तुला न आवडणारा, निवृत्तीच्या दिवशीचा, डोळे अर्धवट मिटलेले. भास्कररावांना दुसरा सापडला नाही म्हणे. नवऱ्याला बायकोचा एक बरा फोटो सापडू नये, यावरही मला संशय आला. मला हल्ली कशावरही येतो.

प्राचार्य म्हणाले, मॅडम स्पष्टवक्त्या होत्या. म्हणजे तू त्यांना भर मीटिंगमध्ये गप्प बसवलं होतंस ते ते विसरलेले नाहीत. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, मॅडमचं पुस्तकांवर जिवापाड प्रेम होतं. म्हणजे तू पुस्तकं परत करत नव्हतीस. मी मागे बसून मनातल्या मनात एकेकाचं भाषांतर करत होतो. ही खोड तूच लावलीस. मग माझं नाव पुकारलं. मी तुझ्या शिकवण्यावर बोललो, तुझ्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीवर बोललो, बी.ए.ला एका बाकावर बसल्यापासूनच्या आपल्या मैत्रीवर बोललो. लोकांनी डोळे पुसले. मी खाली येऊन बसलो तेव्हा माझे डोळे कोरडेच होते, कारण ज्या एका गोष्टीसाठी वर गेलो होतो ती मी बोललोच नव्हतो.

ती गोष्ट अशी, की वर्षभर मला तुझा संशय येत होता. तू माझ्याशी खरं बोलत नाहीस, असा. आणि आता विचारायला तू नाहीस. मी भाड्याने घेतलेल्या इंदिरानगरच्या त्या दोन खोल्या ठेवायच्या की सोडायच्या, हे महिनाअखेर मालकाला सांगायचं होतं. तुझं खरं मत कळल्याशिवाय मी काय सांगणार होतो त्याला?

आपण दोघं नक्की काय काम करतो, हे लोकांना कधी कळलं नाही. तू राज्यशास्त्राची, मी अर्थशास्त्राचा, आणि सुट्टी लागली की एसटी पकडून कुठल्यातरी बंद पडलेल्या प्रकल्पाच्या दारात जाऊन उभे. माझी आई विचारायची, चालू काहीतरी बघायला का जात नाही तुम्ही? तू तिला सांगायचीस, "काकू, मोठमोठ्या योजना कशाने मरतात ते आम्ही बघतो." आईला वाटायचं, हे काहीतरी पोलिसांचं काम असणार. तसं ते होतंही. मी पहिल्यापासून संशयी. भाजी घरी आणून पुन्हा वजन करणारा. तू मला संशयात्मा म्हणायचीस आणि वर म्हणायचीस, बरं झालं, तुझ्या या रोगाला एकदाचं काम मिळालं.

इगतपुरीकडचं ते पंपघर आठवतं? पावसाळ्यात तिथे माणूस दिसत नाही इतकं पाणी, आणि उन्हाळ्यात वरच्या पाड्यावर प्यायला थेंब नाही. म्हणून धरणातून पाणी उचलायची योजना केलेली. पंपघर झकास बांधलेलं, पाइप वरपर्यंत गेलेला, आणि आत शेळ्या. उन्हाळ्यात धरणाचं पाणी पंपाच्या खाली जातं, एवढीच भानगड. आपण इंजिनिअरला भेटलो, त्याला ते आधी माहीत होतं. सरपंचाला माहीत होतं. पाड्यावरच्या सगळ्यांना माहीत होतं. मग बोलला का नाहीत, म्हणून तू एकेकाला विचारत सुटलीस. इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, उद्घाटनाची तारीख घेऊन झाली होती." सरपंच म्हणाले, "मांडव घातला व्हता, पाहुनं यायचं व्हतं. तवा कसं बोलायचं? बरं नाय दिसत."

परत येताना तू म्हणालीस, "सुधीर, हा प्रकल्प भिडेने मेला." मी म्हणालो, भीडबीड काही नसतं, गप्प बसण्यात कुणाचा तरी फायदा असतो, तो माणूस शोधायचा. तिथून जे भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. दर गुरुवारी संध्याकाळी तुझ्या घरी, भास्करराव कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले आणि आपण दोघं भीड की फायदा, भीड की फायदा. तू चहा गार करायचीस आणि पुन्हा गरम करून मलाच द्यायचीस.

आगाऊ शोकसभा ही कल्पना तुझीच. त्यात माझा काही वाटा आहे असं तू दोन-चार ठिकाणी सांगितलंस, ते खोटं आहे. तू म्हणालीस, जिवंत योजनेबद्दल वाईट बोलायला माणूस घाबरतो, कुणाला तरी लागेल म्हणून. मग ती मेली असं समजू. अजून पाया खणायचा आहे, पण आपण पाच वर्षं पुढे आलोय, प्रकल्प गेला, आपण शोकसभेला जमलोय. प्रत्येकाने उठून सांगायचं कशाने गेला. मेलेल्याची कसली भीड?

आणि पहिला प्रयोग आपण नामपूरला केला. कांद्याचं मोठं शीतगृह बांधायचं घाटत होतं, चेअरमननी तुला मार्गदर्शनाला बोलावलेलं. शाळेच्या हॉलमध्ये सगळे जमले. तू नीट समजावून सांगितलंस. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की कुणीतरी जाऊन हार घेऊन आलं आणि भिंतीवरच्या नकाशाला घातला. सगळे उभे राहिले, शांतता पाळली. मग एक वयस्कर शेतकरी टोपी काढून पुढे आले आणि म्हणाले, "प्रकल्प बहू भारी व्हता, ताई. त्याना आत्माले शांती मिळो." खाली बसले. दुसरे उठले, "इमारत बी मोठी व्हती." तिसऱ्यांनी यंत्रांचे गुण गायले. चौथ्यांनी चेअरमनच्या दूरदृष्टीचे. मेलेल्याबद्दल वाईट बोलायचं नसतं, हे आपल्या लोकांना आईच्या दुधातून मिळालेलं असतं आणि आपण दोघं शिकलेली माणसं नेमकं तेच विसरून गेलो होतो. शेवटी चहा आला तर कुणी घेईना. शोकसभेनंतर कसला चहा? आणि जाताना कुणी "येतो" म्हणालं नाही. दुखवट्याच्या ठिकाणाहून निघताना म्हणायचं नसतं. मुकाट्याने चपला घालून सगळे निघून गेले. अपशकुन केलात म्हणून चेअरमन फणफणले ते वेगळंच.

परतीच्या एसटीत मी पोट धरधरून हसत होतो. तू सटाणा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होतीस. मग म्हणालीस, "इमारतीची स्तुती झाली, यंत्रांची झाली, दूरदृष्टीची झाली. सुधीर, एकाने तरी म्हटलं का, की माझा कांदा तिथे होता?"

कुणीच म्हटलं नव्हतं. मनातल्या मनात त्या शीतगृहाची पाच वर्षं जगून, त्याला पोचवून सगळे मोकळे झाले होते, पण त्या पाच वर्षांत एकानेही आपला कांदा त्यात ठेवला नव्हता. आपण पुन्हा गेलो, घरोघरी बसलो, तेव्हा कारण कळलं. कांदा ज्याला त्याला आपल्या अंगणात, आपल्या कांदाचाळीत, डोळ्यांसमोर हवा होता. भाव चढला की एक ट्रॅक्टर काढायचा, पडला की थांबायचं. दुसऱ्याच्या कुलपात कोण ठेवेल? शीतगृह बांधलं गेलं नाही. त्याबद्दल तुझे कुणी आभार मानले नाहीत, कारण जे झालंच नाही ते फसणार होतं हे कोण कबूल करणार. पण त्या दिवसापासून आपली पद्धत ठरली. लोक काय बोलतात ते ऐकायचंच, पण स्तुतीतून काय गळलं ते बघायचं. पुढे किती योजनांच्या शोकसभा घेतल्या आपण. तुझ्या भिशीच्या बायकांच्या काश्मीर सहलीचीसुद्धा तू घेतलीस.

फक्त माझ्या केंद्राची घेतली नाहीस.

मी निवृत्त झालो आणि मला वाटलं, आयुष्यभर गोळा केलेलं हे शहाणपण वाया जाऊ नये. कुणी मोठं काही काढणार असेल तर त्याने आधी आपल्याकडे यावं, पोरांनी येऊन शिकावं, पेठ-सुरगाण्याकडची जाणती माणसं येऊन बसावीत. इंदिरानगरमध्ये दोन खोल्या बघितल्या. तुला दाखवल्या, तू म्हणालीस, छान. नाव सांगितलं, छान. अभ्यासक्रम वाचून दाखवला, छान चाललंय. मंगल, ज्या बाईने माझ्या पीएच.डी.च्या पहिल्या प्रकरणावर "हे कुणासाठी लिहिलं आहेस?" एवढंच लिहून परत दिलं होतं, ती बाई छान छान करायला लागल्यावर मी काय समजायचं?

मी म्हणालो, आपल्या केंद्राची आगाऊ शोकसभा घे की. तू म्हणालीस, "घेऊ की, घाई काय आहे." मग गुरुवार चुकायला लागले. कधी गुडघा, कधी पाहुणे, कधी फोनच उचलायची नाहीस. मी खोल्या सारवल्यासारख्या पुसून घेतल्या, तू बघायला आली नाहीस. मला खात्री पटत चालली की तुला हे सगळं म्हातारचळ वाटतंय आणि तोंडावर सांगवत नाहीये. एकदा तर वाटलं, पुण्याच्या कुठल्या संस्थेने तुला बोलावलं असणार आणि तू तिकडे आपलं सगळं काम घेऊन जाणार. मी ग्रंथपाल बाईंना आडून आडून विचारलं. त्या म्हणाल्या, "मॅडम हल्ली दिसतच नाहीत." मी तो पुरावा धरला. तुझ्या घरावरून दोनदा मुद्दाम गेलो, बाहेर कुणाची गाडी उभी आहे का बघायला. भास्कररावांची स्कूटर तेवढी होती.

मग भास्कररावांचा फोन आला तो हॉस्पिटलमधून. तोवर मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी धावत आलो, तर तू नाकाला नळ्या लावून पडलेली, हात काडीसारखे झालेले. तू मला खुणेने जवळ बोलावलंस. मला वाटलं, आता सांगणार. शेवटचं तरी खरं सांगणार. तू विचारलंस, "पाटी लावली?" मी म्हणालो, लावली. तू डोळे मिटून म्हणालीस, "छान."

तेच आपलं शेवटचं बोलणं. मी जिन्यात येऊन रडलो, पण खरं सांगतो, रडता रडता मला तुझा रागही आला होता.

काल तुझ्या घरी गेलो. परवा सभेत भास्कररावांशी नीट बोलता आलं नव्हतं. त्यांनी स्वतः चहा केला, आल्याचा नुसता काढा. मग ते म्हणाले, "सुधीरभाऊ, परवा तुम्ही छान बोललात. चटणीचंसुद्धा बोललात. एक नाही बोललात."

"काय?"

"ती स्पष्ट बोलायची, हे. प्राचार्य बोलले, बाई बोलल्या, तो तुमचा शिपाईसुद्धा बोलला. तुम्हीच तेवढे नाही बोललात. मी इतकी वर्षं त्या कोपऱ्यात बसून पेपर वाचायचो, पण कान उघडेच असायचे माझे."

पकडला गेलो. मग मी आडपडदा ठेवला नाही. म्हणालो, भास्करराव, ती माझ्याशी स्पष्ट वागली नाही. केंद्र चालणार नाही असं तिला वाटत होतं आणि तिने ते मला सांगितलं नाही. जगाच्या शोकसभा घेतल्या, माझी घ्यायला तिला सवड झाली नाही.

भास्करराव म्हणाले, "घेतली की."

"गेल्या दिवाळीनंतर," ते म्हणाले, "स्वयंपाकघरात. फक्त आम्ही दोघं. तिने मिठाच्या बरणीला देवाच्या फोटोवरचा वाळका हार घातला, म्हणाली, हे सुधीरचं केंद्र, पाच वर्षांनी गेलं. मला म्हणाली, दोन मिनिटं उभं राहायचं. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं. मग ती बोलायला लागली. कारण सांगेल म्हणून मी वाट बघतोय, तर ही आपली स्तुतीच करतेय. मी म्हटलं, तू तर नामपूरची निघालीस."

मी विचारलं, काय काय म्हणाली?

त्यांनी आठवून आठवून सांगितलं. खोल्या उजेडाच्या होत्या. सुधीर दारात उभा राहून एकेकाचं स्वागत करायचा. पाटीवर अक्षर सुंदर होतं. सुरगाण्याहून आलेल्या पोरींना तो स्वतः बसस्टँडवर सोडायला जायचा. भांडायचा फार, पण पोरं टिकून राहायची. मी ऐकत होतो आणि जुन्या सवयीने गळलेलं शोधत होतो. लगेच सापडलं. त्या पाच वर्षांत तू कुठेच नव्हतीस. तास घेत नव्हतीस, खुर्चीत बसत नव्हतीस, माझ्याशी भांडत नव्हतीस. केंद्र पूर्ण उभं होतं आणि त्यात तुझा कांदा नव्हता.

"मी पण तेच विचारलं तिला," भास्करराव म्हणाले. "म्हटलं, तू कुठे आहेस यात? आदल्या आठवड्यातच रिपोर्ट आले होते, भाऊ. ती म्हणाली, केंद्र कशाने जाणार ते मला माहीत आहे. त्याने माझ्याशिवाय कुणाला विचारलेलंच नाही."

"मग मला सांगायचं ना."

"मी तेच म्हणालो. तर म्हणाली, हे सांगितलं की तो विचारणार, तू का नाहीस? आणि मग तो पाटीसुद्धा लावणार नाही. लावू दे त्याला."

मंगल, तुझा मित्र किती खालच्या थराचा संशयी आहे बघ. हे ऐकूनही मनात आलं, की हा भला माणूस मला बरं वाटावं म्हणून रचून तर सांगत नाही? मी त्यांना उलटतपासणीसारखं विचारलं, "दूध उतू गेलं तेव्हा गॅस कुणी बंद केला?"

ते म्हणाले, "कुणीच नाही. दोन मिनिटं व्हायची होती ना."

तेव्हा मला पटलं. हे दुसऱ्या कुणाला सुचणार नाही. तूच समोर दूध उतू जाताना बघत, मिठाच्या बरणीपुढे हात जोडून उभी राहिली असणार, आणि तुझ्यामागे हा बिचारा. मग मी त्यांच्यासमोर रडलो. परवा राहिलेलं सगळं काल झालं.

पण तुला असं सोडणार नाही मी. आयुष्यभर आपण ज्यांना पकडलं, त्यांनी जे केलं तेच तू केलंस. मांडव घातला होता म्हणून तू बोलली नाहीस. कळत असून छान छान म्हणत राहिलीस. जा, भांडण तू जिंकलीस, भिडेनेच झालं हे. आणि मीही हरलो नाही बरं का. मी म्हणायचो ना, गप्प बसण्यात कुणाचा तरी फायदा असतो, तो माणूस शोधायचा. सापडला. वर्षभर मी सकाळी उठून खोल्या पुसायला जात होतो, अभ्यासक्रम लिहीत होतो, पाटीवाल्याशी हुज्जत घालत होतो, तुझ्यावर रागावत होतो. तू सांगितलं असतंस तर ते वर्ष मी हॉस्पिटलच्या बाकावर काढलं असतं. ते तू मला काढू दिलं नाहीस, याचे आभार मानू की तुला कधीच माफ करू नये, हे मला अजून ठरवता येत नाहीये.

मी तोंड धुऊन आलो. भास्करराव कपबश्या विसळत होते. कोपऱ्यात त्यांची खुर्ची, त्यावर कालचा पेपर. मला वाटलं, सुरुवात इथूनच करावी. म्हणालो, "भास्करराव, तुम्ही याल का केंद्रात?"

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"परवा सगळ्या हॉलमध्ये तुम्हालाच कळलं की मी काय बोललो नाही."

ते पाठमोरे होते. त्यांनी कपबश्या पुसून फळीवर ठेवल्या. मग म्हणाले, "गुरुवार मोकळा असतो माझा. आता तर मोकळाच. पण पहिल्या गुरुवारी त्या केंद्राची सभा परत घ्यायची, सगळ्यांदेखत. मी वाईटच बोलणार, आधी सांगून ठेवतो."

"बोला. अजून कुणाला बोलावू?"

"ते तुम्ही विचारायचं, भाऊ. तेवढंच तर करायचं राहिलंय ना."

आज सकाळी मी मालकाला फोन करून खोल्या ठेवतोय म्हणून सांगितलं. ग्रंथपाल बाईंनाही विचारलं, त्या हो म्हणाल्या. का हो म्हणाल्या, याचा मला संशय आहे, पण गुरुवारी त्यांनाच विचारेन.

एक सांगायचं राहिलं. काल निघताना दारात चप्पल घातली आणि सवयीने तोंडातून "येतो" गेलं. दुखवट्याच्या घरातून निघताना म्हणायचं नसतं. मी जीभ चावली. भास्कररावांनी माझ्याकडे बघितलं, आतल्या तुझ्या फोटोकडे बघितलं आणि म्हणाले, "या."